निवड तर झाली, पण लेकीला पाठवायचं का?



शाळा सुरू होतात, पाऊस जरा उघडीप देतो आणि तालुक्याच्या स्पर्धांची गडबड सुरू होते. आधी तालुका, मग जिल्हा, मग विभाग, मग राज्य. 14 वर्षांखालच्या, 17 वर्षांखालच्या आणि 19 वर्षांखालच्या मुलींचे वेगवेगळे गट असतात. आश्रमशाळांच्याही स्पर्धा होतात. आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, दिंडोरी, चांदवड अशा सगळ्या तालुक्यांतून पोरी खो-खो, कबड्डी खेळायला आणि पळायला येतात. त्यांच्यातली एखादी उठून दिसते. सामना संपल्यावर कुणी सर जवळ येतात आणि म्हणतात, "पोरगी चांगली आहे. आमच्याकडे द्या. नाशिकला ठेवू, मोठ्या संघात खेळवू."

त्या रात्री घरात दोन आवाज निघतात. एक म्हणतो, "नशीब काढलं पोरीनं, उद्याच पाठवा." दुसरा म्हणतो, "पोरीची जात, कुठं पाठवता तिला परक्या गावी?" दोन्ही आवाज मायेचेच असतात. पण दोघांनीही अजून चौकशी केलेली नसते. सून बघायला गेलो तरी आपण चार घरी विचारतो, गाय घ्यायची तर दात मोजतो. मग लेक पाठवताना "मोठा संघ आहे" एवढ्यावर हो कसं म्हणायचं? आणि "पोरीची जात" एवढ्यावर नाही तरी कसं म्हणायचं?

आज आपण हेच बोलणार आहोत. वरच्या संघात जाणं मुलीच्या फायद्याचं आहे की नाही, हे कसं ओळखायचं?

कुणी गाव सोडलं, कुणी नाही सोडलं

आधी आपल्या जवळची उदाहरणं बघू. नावं तुम्ही ऐकलेली आहेत, पण त्यातून काय घ्यायचं ते नीट पाहू.

त्र्यंबकेश्वर तालुक्यात हरसूलकडे सावरपाडा नावाचं छोटं गाव आहे. कविता राऊत तिथली. जन्म 1985 चा. डोंगरातल्या वाटा, लांबून आणायचं पाणी, पायात चप्पल नाही, अशी ती पळायला शिकली. पळायला पैसे लागत नाहीत म्हणून पळणं निवडलं. पुढं ती नाशिकला आली आणि प्रशिक्षक विजेंदर सिंग यांच्या हाताखाली सराव करू लागली. 2010 साली दिल्लीला राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या, तिथं 10,000 मीटर पळून तिनं कांस्यपदक घेतलं. या स्पर्धांमध्ये ट्रॅकवरच्या शर्यतीत एकटीच्या बळावर पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. त्याच वर्षी चीनमधल्या आशियाई स्पर्धेत तिला रौप्यपदक मिळालं. लोकांनी नाव ठेवलं, सावरपाडा एक्स्प्रेस.

नाशिकला येऊन तिला काय मिळालं? रोज पळणं बघणारा जाणता माणूस मिळाला. सोबत पळणाऱ्या, तिच्याइतक्या आणि तिच्याहून वेगवान मुली मिळाल्या. कधी पळायचं, किती पळायचं, कधी थांबायचं याचं वेळापत्रक मिळालं. दम तिनं डोंगरातूनच आणला होता. तिच्याकडं नव्हतं ते तिला नाशिकला मिळालं, म्हणून जाणं फळाला आलं. आणि दुसरं लक्षात ठेवा, पदक मिळालं तेव्हा ती 25 वर्षांची होती. म्हणजे पाठवलं आणि दोन वर्षांत नाव झालं, असं कुठंच होत नाही. आंब्याचं कलम लावलं तरी वाट बघावी लागते.

आता दुसरं उदाहरण. सारिका काळे ही उस्मानाबादची, म्हणजे आताच्या धाराशिवची, खो-खो खेळाडू. घरची परिस्थिती बेताची. ती तिथंच राहून प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांच्याकडं शिकली. 2016 साली दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताच्या महिला संघानं सुवर्णपदक जिंकलं, तेव्हा ती कर्णधार होती. 2020 साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. ती मोठ्या शहरात गेली नाही, कारण चांगला प्रशिक्षक आणि तोडीस तोड खेळणाऱ्या मुली तिच्याच गावात होत्या.

तिसरं उदाहरण मुलाचं आहे, पण आपल्याच जिल्ह्यातलं. चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही. पाण्याची ओढ असलेला भाग. तिथला दत्तू भोकनळ वडिलांबरोबर विहिरी खोदायच्या कामावर जायचा. 2012 साली तो सैन्यात भरती झाला आणि तिथं गेल्यावर त्यानं पहिल्यांदा होडीचं वल्हं हातात धरलं. वय विशीच्या पुढं गेलेलं. आणि 2016 साली तो रिओ ऑलिम्पिकला नौकानयनात भारताकडून उतरला, तेरावा आला. 2018 च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या होडीत त्याला सुवर्णपदक मिळालं.

हे उदाहरण मुद्दाम सांगते. "आत्ता पाठवली नाही तर पोरीचं वाटोळं झालं, पुन्हा संधी नाही," असं कुणी घाई करून सांगत असेल, तर दत्तू आठवा. काही खेळांना लहानपणीच सुरुवात लागते हे खरं. पण पळणं, कुस्ती, नौकानयन, नेमबाजी अशा खेळांत माणसं उशिरा येऊनही पुढं गेलेली आहेत. सातारा जिल्ह्यातली ललिता बाबर आधी खो-खो खेळायची, नंतर पळू लागली आणि 2016 च्या ऑलिम्पिकमध्ये तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत अंतिम फेरीपर्यंत गेली. तेव्हा बारा-तेरा वर्षांच्या मुलीसाठी ही काही शेवटची एसटी नसते. एक वर्ष थांबून नीट विचार केला तर आभाळ कोसळत नाही.

म्हणजे, बायांनो, संघ किती मोठा हा प्रश्नच नाही. आपल्या मुलीला आज जे कमी पडतंय ते तिथं मिळणार आहे का, आणि आज जे आहे ते तिथं गमावणार तर नाही ना, हा प्रश्न आहे. तो सोडवायला पाच गोष्टी विचारायच्या.

पहिली गोष्ट : तिला स्वतःला जायचंय का?

हसू नका. बहुतेक घरांत हेच विचारायचं राहून जातं. सर विचारतात वडिलांना, वडील विचारतात आजोबांना, आणि मुलगी दाराआड उभी असते.

विचारायचं कसं? पाहुण्यांसमोर, सरांसमोर विचारू नका. तिथं ती "हो" म्हणेल, नाहीतर गप्प बसेल. शेतात निंदताना, भाकरी थापताना, पाण्याच्या वाटेवर विचारा. "जायचंय ना?" असं विचारलं की उत्तर आपणच तिच्या तोंडात घालतो. त्यापेक्षा विचारा, "तिथं गेलीस तर काय आवडेल? कशाची भीती वाटते? इथलं काय सोडावंसं वाटत नाही?" मग ऐका. एखादी म्हणेल, "मला जायचंय, पण रात्री बाथरूमला एकटीनं जायची भीती वाटते." म्हणजे खेळाची अडचण नाही, राहण्याची आहे, आणि ती सोडवता येते. एखादी म्हणेल, "सरांना वाईट वाटेल म्हणून हो म्हटलं." मग थांबा.

एकदा विचारून भागत नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा विचारा. मैत्रीण निघाली म्हणून निघालेली मुलगी पंधरा दिवसांत बदलते. खरंच ओढ असलेली बदलत नाही. ती कुणी न सांगता पहाटे उठून पळायला जाते.

दुसरी गोष्ट : तिथं ती खेळेल की बसेल?

खो-खोत मैदानात उतरतात नऊ जणी. कबड्डीत सात. बाकीच्या राखीव. गावच्या शाळेत आपली मुलगी पहिली उतरते, सगळा सामना खेळते. मोठ्या संघात गेली आणि वर्षभर राखीव बसली, तर नाव मोठ्या संघाचं, पण खेळ मात्र जागच्या जागी. खेळाडू खेळून तयार होतो, बसून नाही.

पण याची दुसरी बाजूही आहे. गावात जिला कुणी हरवतच नाही, तिचाही खेळ वाढत नाही. एकाच धावपटीत सगळ्या गडी बाद करणारीला पुढं काय शिकायचं ते कळणार कसं? म्हणून साधा हिशेब ठेवा. जिथं ती काही वेळा जिंकेल आणि काही वेळा हरेल, तो संघ तिच्यासाठी बरोबर. कायम जिंकत असेल तर वर जायची वेळ झाली आहे. जिथं कायम हरेल, कायम शेवटी राहील, तिथं लवकर पाठवायची घाई नको, मन मोडतं.

संघाच्या सरांना सरळ विचारा. "हिच्या जागेवर खेळणाऱ्या तुमच्याकडं किती मुली आहेत? मागच्या वर्षी किती सामने झाले? राखीव मुलींचा सराव बाकीच्यांइतकाच होतो का? हिला तुम्ही कशासाठी निवडलं, हिच्यात काय सुधारायला हवं?" शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. ज्या प्रशिक्षकानं मुलगी नीट पाहिली आहे तो लगेच सांगेल, "पळते छान, पण वळताना तोल जातो," किंवा "दम आहे, डाव कळत नाही." जो फक्त "फार टॅलेंट आहे हो" एवढंच म्हणत राहील, त्यानं बहुतेक मुलगी नीट पाहिलेलीच नाही.

तिसरी गोष्ट : राहणार कुठं, बघणार कोण?

राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनी आहेत. तिथं धावणं, उडी, फेक अशा चाचण्या घेऊन मुलं-मुली निवडतात आणि राहणं, जेवण, शिक्षण, सराव सरकारच्या खर्चानं होतो. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 2024 साली नेमबाजीत कांस्यपदक मिळवणारा कोल्हापूर जिल्ह्यातला स्वप्निल कुसाळे अशाच प्रबोधिनीतून पुढं आला. चाचण्या कधी आहेत हे जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात कळतं. याशिवाय खाजगी अकादमी असतात, संस्थांचे संघ असतात. काही फार चांगले, काही फक्त फलकावरच मोठे.

कुठलंही असो, पाठवण्याआधी स्वतः जाऊन बघा. फोटो बघून नाही, आणि फक्त वडिलांनी नाही, आईनंही जायचं. मैदान बघायला वडील जातील, संडास-बाथरूम बघायला आईच लागते. दाराला आतून कडी आहे का? पाणी आहे का? पाळीच्या दिवसांत कपडा, पॅड टाकायची सोय आहे का? मुलींच्या वसतिगृहात रात्री बाई राहते का? संघ बाहेरगावी खेळायला जातो तेव्हा सोबत बाई असते का? मुलीला घरी फोन करायला मिळतो का, आणि बोलताना कुणी शेजारी उभं तर नसतं ना?

तिथल्या दोन मुलींशी बोला. शक्य झालं तर तो संघ सोडून गेलेल्या एखाद्या मुलीच्या आईशी बोला. ती जे सांगेल ते कुठल्या माहितीपत्रकात सापडणार नाही. आणि एकदा न सांगता जा. चांगल्या ठिकाणी अचानक आलेल्या आईला चहा मिळतो. जिथं "आज भेटता येणार नाही" म्हणतात, तिथं सावध व्हा.

मुलीलाही स्पष्ट सांगून ठेवा. सराव शिकवताना हात-पाय कसे ठेवायचे ते दाखवणं वेगळं, आणि नको तिथं हात लावणं वेगळं. सरांच्या खोलीत एकटीला बोलावलं तर जायचं नाही, मैत्रिणीला घेऊन जायचं. "कुणाला सांगू नको, नाहीतर संघातून काढीन," असं कुणीही म्हटलं की ते पहिल्यांदा आईला सांगायचं. आणि आपण तिला आजच शब्द द्यायचा, "तू सांगितलंस तर मी तुझ्यावर चिडणार नाही, खेळही बंद करणार नाही." कारण मुली गप्प बसतात त्या याच भीतीनं, की सांगितलं तर घरी नेतील आणि खेळ संपेल. 18 वर्षांखालच्या मुलांच्या लैंगिक छळाविरुद्ध 2012 सालचा पोक्सो कायदा आहे. मुलांसाठीचा मदतीचा फोन 1098 आहे, तो फुकट लागतो. हा आकडा तिला तोंडपाठ करून द्या.

चौथी गोष्ट : शाळा आणि शरीर

शाळा सुटली की परत धरणं कठीण जातं, आणि शाळा सुटलेल्या मुलीच्या लग्नाचं बोलणं घरात लवकर निघतं. खेळ आणि शाळा दोन्ही एका दोरीला बांधून ठेवायचे. तिथल्या शाळेत नाव घालणार का, की नुसतं कागदावर? स्पर्धेच्या दिवसांत बुडालेला अभ्यास कोण घेणार? दहावीच्या वर्षी सराव कमी करतात का? शाळा बदलल्यावर ती कुणाकडून खेळू शकेल, याचे नियम असतात. दाखला काढण्याआधी ते विचारून घ्या, नाहीतर मुलगी मध्येच लटकते.

प्रमाणपत्रांची फाईल करा. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण असतात आणि महाराष्ट्र सरकारच्या नोकरभरतीत खेळाडूंसाठी 5 टक्के जागा राखीव आहेत. पण हे सगळं मान्यताप्राप्त स्पर्धेच्या प्रमाणपत्रावर चालतं आणि नोकरीच्या वेळी त्याची पडताळणी होते. कुठल्याही "ऑल इंडिया" नावाच्या स्पर्धेचा कागद चालत नाही. तेव्हा तो संघ कुठल्या स्पर्धा खेळतो आणि त्या मान्य आहेत का, हे क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारा. आणि एक गोष्ट कानाला खडा लावून ऐका. कुणी म्हणालं, "जन्माच्या दाखल्यावर वय दोन वर्षं कमी करू, लहान गटात खेळेल," तर तिथून उठा. पकडलं गेलं की शिक्षा मुलीला होते, आणि सगळे कागद खोटे ठरतात.

आता शरीराचं. वरच्या संघात सराव वाढतो. वाढत्या वयात एकदम दुप्पट पळायला लावलं की गुडघे, नडग्या, टाचा दुखतात. दुखणं आठ-दहा दिवसांत जात नसेल तर "सहन कर" म्हणायचं नाही, डॉक्टरांना दाखवायचं. जायच्या आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल तर मुलगी लवकर दमते, आणि सर म्हणतात आळशी आहे. आधी रक्त वाढवा, मग सराव वाढवा.

आणि पाळी. फार सराव आणि कमी खाणं झालं की काही मुलींची पाळी बंद होते किंवा महिनोन् महिने लांबते. पोरी म्हणतात, "बरं झालं, कटकट गेली." बरं झालेलं नसतं. शरीराला अन्न पुरत नाही, म्हणून ते एकेक काम बंद करत असतं. असंच राहिलं तर हाडं कमकुवत होतात, बारीकशा कारणानं मोडतात. तीन महिने पाळी आली नाही तर डॉक्टरांकडं जायचंच. जेवणात काय देतात तेही विचारा. महागडे डबे लागत नाहीत. आपली नागलीची भाकरी, डाळ, उसळ, शेंगदाणे-गूळ, हिरवी भाजी, मिळेल तेव्हा अंडं, दूध, आणि मुख्य म्हणजे पोटभर. पावडर आणि गोळ्या कुणी देत असेल तर नाव विचारून डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घ्यायच्या नाहीत. साध्या दिसणाऱ्या औषधातही खेळात बंदी असलेलं काही असू शकतं, आणि त्याची जबाबदारी खेळाडूवर येते.

पाचवी गोष्ट : पैसा, आणि घरचं काम

"सगळं फुकट आहे" असं सांगितलं तरी वही काढा. बूट वर्षातून किती जोड लागतील? स्पर्धेला जायचं भाडं कोण देतं? सुट्टीत घरी यायचं भाडं? दवाखाना? आपण भेटायला जायचो त्याचं काय? एसटीत बायकांना 2023 पासून अर्धं तिकीट आहे, ते धरून महिन्यातून एकदा भेटायला जायचा खर्च लिहा. भेटायला जाणं परवडणार नसेल, तर पाठवणं परवडत नाही असंच समजा.

गटातून कर्ज काढायचं असेल तर बुटांसाठी काढा, आहारासाठी काढा. "निवड करून देतो, इतके हजार द्या" असं म्हणणाऱ्यासाठी एक रुपयाही काढू नका. खरी निवड मैदानावर होते, पाकिटावर होत नाही. आणि सरकारी नोकरी लागेलच या हिशेबावर दागिना गहाण टाकू नका. शंभर मुली खेळतात तेव्हा थोड्याच वरपर्यंत जातात. बाकीच्यांच्या हाती राहतं ते त्यांचं शिक्षण, धडधाकट शरीर आणि चारचौघांत बोलायची हिंमत. तेवढं मिळालं तरी पाठवणं वाया गेलं नाही, असं आपल्याला मनापासून वाटत असेल, तर पाठवा.

आता जे कुणी उघड बोलत नाही ते बोलते. पोरगी गेली तर पाणी कोण आणणार? धाकट्याला कोण सांभाळणार? आपल्या भागातली कितीतरी कुटुंबं द्राक्षाच्या कामाला दिंडोरी, निफाडकडं जातात, तेव्हा घर मोठ्या मुलीवरच असतं. ही अडचण खरी आहे आणि तिची लाज वाटायचं कारण नाही. पण मग ती तशीच मांडा. "परक्या गावी सुरक्षित नाही" असं पुढं करून मागं पाण्याचा हंडा असेल, तर प्रश्न कधी सुटणार नाही. हंड्याचा प्रश्न हंड्याचा म्हणून घेतला, तर भाऊ पाणी आणू शकतो, वडील आणू शकतात, वाटून घेता येतं.

"खेळाडू पोरीचं लग्न जमत नाही, उन्हात काळी पडते, चड्डी घालून पळते," हेही ऐकू येतं. 18 वर्षांच्या आत तर लग्नाचा विषयच कायद्यानं नाही. आणि त्यानंतर, स्वतःच्या पायावर उभी असलेली मुलगी कुणाच्या दारात ओझं होत नाही, हे आपण गटातल्या बायकांनी तरी छातीठोकपणे सांगायला हवं.

हो आणि नाही यांच्या मधल्या वाटा

पाचही उत्तरं चांगली आली तर प्रश्नच नाही. मुलीला जायचंच नसेल, किंवा सुरक्षिततेचं उत्तर वाईट आलं, तर तिथं थांबायचं, बाकी चार कितीही चांगली असोत. पण बहुतेक वेळा चित्र मधलं असतं. तेव्हा मधली वाट शोधा.

दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत शिबिराला पाठवून बघा. पंधरा दिवसांत तिला आणि आपल्यालाही बरंच कळतं. जवळच्या तालुक्याला चांगला सराव होत असेल तर रोज जाऊन-येऊन जमतं का बघा. गावच्या सरांनाच विचारा, "तिकडच्या प्रशिक्षकांकडून सरावाचा तक्ता मिळेल का? महिन्यातून दोनदा तिकडं नेऊ, बाकी इथं करून घ्या." ज्या सरांनी मुलीला पहिल्यांदा मैदानावर उभं केलं, त्यांना न सांगता मुलगी हलवू नका. त्यांचा मान आहे, आणि परत यायची वेळ आली तर मैदान त्यांचंच लागणार आहे.

आणि पाठवलंच, तर मुदत घालून पाठवा. "दिवाळीपर्यंत राहा, मग बसून बोलू." दिवाळीला पुन्हा पाच प्रश्न काढा. खेळायला मिळतंय का? शाळा चालू आहे का? वजन, रक्त, पाळी ठीक आहे का? हसते का पूर्वीसारखी? राहावंसं वाटतंय का? उत्तरं बरी नसतील तर मुलगी परत आणायची, आणि त्यात कुणाचीही हार नाही. परत आलेल्या मुलीला "जमलं नाही का गं?" असं जो तो विचारायला लागला, की पुढची मुलगी वाईट जागी असूनही परत यायला घाबरते. सासरी गेलेल्या लेकीबाबत जे आपण शिकतो आहोत, तेच इथंही. माहेरचं दार उघडं आहे हे तिला माहीत असलं पाहिजे. मग ती तिकडं भीतीनं नाही, आनंदानं खेळेल.

गटानं काय करायचं? एवढंच, की असा निरोप गावात कुणाच्याही घरी आला, तर त्या आईला एकटीला सोडायचं नाही. एकीनं तिच्याबरोबर जागा बघायला जायचं, एकीनं क्रीडा कार्यालयात चौकशी करायची, एकीनं आजीशी बोलायचं. पुढच्या बैठकीत वहीच्या शेवटच्या पानावर हे पाच प्रश्न लिहून ठेवा : मन, खेळ, राहणं, शाळा-शरीर, पैसा. गावातल्या कुठल्या पोरीचं नशीब कधी दार ठोठावेल सांगता येत नाही. दार उघडताना आपल्या हातात दिवा असावा, म्हणजे बाहेर कोण उभं आहे ते नीट दिसेल.